पदूने पाठवलेलं दार

कळंब, ता. कर्जत
१० डिसेंबर २०२३

प्रिय पदू,
सप्रेम जयभीम.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी मी पौर्णिमाच्या पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी खिडकीच्या उजेडात धरली, आणि तिने पिशवीच्या मागे आपलं पाचवीचं मराठीचं पुस्तक उघडून धरलं. हे आम्ही रोज करतो. पिशवीतून पानावरची अक्षरं वाचता आली की पाणी साफ. वाचता आली नाहीत तर पोटात जंतू शिरले, असं सुप्रिया सिस्टरांनी शिकवलं आहे. मंगळवारी चित्र अंधुक दिसलं, अक्षरं दिसली नाहीत. तांदूळ धुतल्यावर निघतं तसं पाणी होतं. पौर्णिमाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पुस्तक मिटलं. दुपारपर्यंत तिला ताप चढला, पोटाला हात लावू देईना. ती पिशवी तशीच बरोबर घेऊन आम्ही मुंबईला हॉस्पिटलात गेलो. काल घरी आलो.

फोन करता आला असता. पण आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं पौर्णिमाला ऐकू जातं, आणि तू तिकडे ग्राइंडरच्या आवाजात नुसता हां हां करतोस. म्हणून लिहितो आहे.

घरच्या घरी डायलिसिस कसं होतं, असं तू मागे विचारलं होतंस. तिच्या किडन्या काम करत नाहीत, म्हणून पोटात एक बारीक नळी बसवली आहे. तिच्यातून औषधाचं पाणी पोटात सोडायचं आणि काही तास राहू द्यायचं. ते रक्तातली घाण ओढून घेतं. मग ते काढून नवं सोडायचं. दिवसातून चार वेळा, त्या आम्ही नवरा-बायकोने वाटून घेतल्या आहेत. सकाळ-दुपार माझी, संध्याकाळ आणि झोपायच्या आधीची वेळ उज्वलाची. रिसॉर्टच्या मालकांनी मला बागेतून दुपारी घरी यायची मोकळीक दिली आहे, तेवढं बरं. पिशवी जोडताना नळीचं टोक क्षणभर उघडं असतं. तेवढ्यात कोणाचा हात, श्वास, धूळ, काहीही लागलं तर जंतू सरळ पोटात.

या वर्षात हे दुसऱ्यांदा झालं. डॉक्टर रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. आता पुन्हा असं झालं तर नळी काढावी लागेल. मग आठवड्यातून तीनदा मुंबईला जाऊन मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. म्हणजे शाळा गेलीच. पौर्णिमा तिथे बसूनच सगळं ऐकत होती.

सिस्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पंखा बंद होता का, मास्क होता का, खोलीत कोण कोण होतं. मी म्हणालो, आम्हीच होतो. दार लावलं होतं का, असंही विचारलं. आमच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. तो ओढलेला होता, असं मी सांगितलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

काळजी करू नकोस. औषध त्या पिशवीतूनच पोटात सोडतात, ते चालू आहे. पाणी निवळत चाललं आहे.

तुझा,
सोमा


कुंभिवली
१७ डिसेंबर २०२३

सोम्या,

जयभीम. तुझं पत्र वाचलं आणि एका फार्महाउसची ग्रिल वाकडी वेल्ड केली. गिऱ्हाईक येऊन शिव्या देऊन गेलं, त्या तुझ्या नावावर लावल्या आहेत. शाळेत माझे निबंध तू लिहायचास. आता या वयात मला कागद घेऊन बसवलंस. वर्कशॉपमधली पोरं हसतायत.

पण मला एक सांग, जंतू काय पाहुणे आहेत का, पडदा बाजूला करून येऊ का म्हणून विचारायला? पडद्याने काय होतंय? मागे साजगावला एका कारखान्यात औषधांच्या खोल्यांना मी दारं बसवली होती. अॅल्युमिनियमची चौकट, वर काच, खाली पत्रा, कडेने रबर. लावलं की मुंगी आत जात नाही. तसलं एक तुझ्या खोलीला करतो. आणि आतच एक बेसिन, कोपराने उघडायच्या नळाचं. हात धुऊन पुन्हा नळाला हात लावायला नको. माप विपुल घेऊन जाईल. पोरगं बापापेक्षा बरं माप घेतं.

काल आईला फोन केला होता. रडत होती. म्हणाली, "दोन दिस आदी मी तिच्या उशाशीच बसलेली रं. सोम्या नळी जोडीत व्हता, पोर माजा हात धरून व्हती. हसत व्हती. मंग येका रातीत काय झालं?" मी म्हटलं, आई, असतं तसं, डॉक्टर बघतील. तुला ठाऊकच आहे, तिचा सगळा जीव पौर्णिमावर. एवढा पुळका तिला आपल्या नातवाचा, विपुलचाही कधी आला नाही. किती सांगितलं, इकडे हायवेला येऊन राहा, तर म्हणते, इथं नुसते ट्रक बघत बसू का. कोंबड्या आणि पौर्णिमा सोडून यायची नाही ती.

पोरीला सांग, पदूकाका दार पाठवतोय, त्याला रंग कुठला पाहिजे ते कळव.

पदू


कळंब
२८ डिसेंबर २०२३

प्रिय पदू,
सप्रेम जयभीम.

पौर्णिमाचं पाणी आता स्वच्छ आहे. मंगळवारपासून शाळेत जाते. पळायचं नाही म्हणून खोखोच्या वेळी तिला गुण मांडायला बसवतात, आणि तिच्या गुणांवर दोन्ही बाजू भांडतात, असं ती सांगते.

दाराची घाई करू नकोस. खोलीची भिंत जुनी मातीची आहे, चौकट धरायची नाही. शिवाय खोली लहान, दार लावलं तर हवा कोंडेल. पडदा मी नवा आणला आहे, जाड आहे.

काकी तुला म्हणाल्या ते खरं आहे, त्या रविवारी त्या खोलीतच होत्या. सिस्टरांना मी ते सांगितलं नाही. सांगून काय निष्पन्न होणार होतं? हे जंतू माणसांच्या हातावर, नाकात, असतातच. कोणाकडून गेले ते कधीच कळत नाही, असं त्याच म्हणतात. माझ्याही हाताचे असतील. काकींना यातलं काही बोलू नकोस.

सकाळी पौर्णिमाच्या पोटातलं पाणी उतरत असतं, तेव्हा मास्कच्या आत मी मनातल्या मनात वंदना म्हणतो. पूर्वी ती म्हणताना मन थोडा वेळ तरी थांबायचं. आता कान पडद्याकडे असतो.

तुझा,
सोमा


कुंभिवली
९ जानेवारी २०२४

सोम्या,

भिंत मातीची आहे म्हणे. विपुल परवा कर्जतला गेला होता, तो येताना तुझ्याकडे डोकावला. भिंत विटांची आहे, गिलावा केलेला आहे, आणि दाराच्या जागी चांगली नऊ इंच जाड आहे. खोटं बोलायला तुला शाळेतही जमत नव्हतं.

मला कळतं तुझ्या मनात काय आहे ते. पदूचं फुकट घ्यायचं नाही. तुझे वडीलही तसेच होते. माझ्या बापाने धान्य जास्त घातलं तर वरचं मोजून परत आणून देणारे. अरे, पण हे तुझ्यासाठी नाही. पोरीसाठी आहे. माझी ती कोणीच नाही का? तुला उपकार वाटत असतील तर पावसाळ्यानंतर मला तुमच्या बागेतली दोन गुलाबाची कलमं दे, फिटलं.

गुरुवारी टेंपो येईल. विपुल आणि एक पोरगा असेल. त्यांना चहा दे आणि आड येऊ नकोस. रंग पांढरा ठेवलाय. पौर्णिमाने फोनवर विपुलला सांगितलं, हॉस्पिटलसारखा हिरवा नको.

पदू


कळंब
२९ जानेवारी २०२४

प्रिय पदू,
सप्रेम जयभीम.

दार बसून पंधरा दिवस झाले. एकदाही कुरकुरलं नाही. बेसिनचा नळ पौर्णिमा उगाचच कोपराने उघडून बंद करते. उज्वला रोज काच पुसते. तुझ्या हाताच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही.

पण ते लागत नाही, पदू. काकी येतात तेव्हा मी ते उघडंच ठेवतो. मी तुला भिंतीचं खोटं लिहिलं ते पैशासाठी नव्हे.

शनिवारी सकाळी मी हात धुऊन, मास्क बांधून बसलो होतो. नळीचं टोपण काढलं आणि त्याच वेळी काकी आत आल्या. हातात दोन अंडी, खुराड्यातून आत्ताच काढलेली. डॉक्टरांनी पोरीला अंड्याचा पांढरा भाग खायला सांगितला आहे, तेव्हापासून त्या रोज आणतात. अंडी खाली ठेवून त्या वाकल्या, दोन्ही हात पौर्णिमाच्या तोंडावरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि त्यांचा पदर नळीच्या उघड्या टोकाला लागला.

त्यांना कळलंही नाही. मी चिमटा लावला आणि सिस्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, काही जोडू नका, आहे तसं घेऊन या. नळीचा बाहेरचा तुकडा बदलला, आधीच औषध दिलं. या वेळी वाचलो. निघताना सिस्टर म्हणाल्या, "दादा, पदर कोणाचा ते मला सांगू नका. दार आलंय म्हणालात ना? मग ते लागत का नाही, एवढंच सांगा." त्यांना द्यायचं ते उत्तर तुला देतो.

आपण एका बाकावर बसायचो. शाळा सुटल्यावर तुझ्याकडे आलो की तू आत जायचास, मी पायरीवर थांबायचो. काकी वरून पाणी ओतायच्या, मी ओंजळ धरायचो. त्याचा राग आज माझ्या मनात नाही. विसरलो आहे असंही नाही. माझी आई तुमच्या खळ्यावर जन्मभर राबली, ती कधी ओटीच्या वर चढली नाही. आणि आई गेली त्या दिवशी काकी आमच्याकडे आल्या. अंगणात बाया बसल्या होत्या, त्यांच्यात बसल्या नाहीत. सरळ आत, चुलीपर्यंत गेल्या आणि उज्वलाला म्हणाल्या, "पानी दे गं." उज्वला घाबरली. तिने तांब्या दिला. काकी तोंड लावून प्यायल्या. सगळी वस्ती बघत होती. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या कधी विचारून आल्या नाहीत, आणि तेच मला आवडत आलं आहे.

आता त्याच बाईला मी सांगू, की बाहेर बसा, पोरीला शिवू नका, आम्ही बोलावू तेव्हा आत या? शब्द तेच आहेत, पदू. तोंड तेवढं माझं. कारण वेगळं आहे हे मला समजतं. दार ओढायला जातो तेव्हा हाताला ते समजत नाही.

तुझा,
सोमा


कुंभिवली
६ फेब्रुवारी २०२४

सोमा,

म्हणजे पोरीच्या पोटात जंतू गेले ते माझ्या आईमुळे, असंच ना? मग सरळ लिहायचं. तिच्या पदराची गोष्ट सांगून आडून कशाला?

आणि पायरीवरचं पाणी आत्ता काढलंस. किती वर्षं आपण हायवेवर एका ताटात जेवतोय, एका शब्दाने बोलला नाहीस. मी काय समजायचं? प्रत्येक वेळी माझ्याशी हसताना तुझ्या डोक्यात ती पायरी होती?

मी तुझ्या आधी दूध पिऊन, तोंड पुसून बाहेर यायचो. मला दिसत नव्हतं असं नाही. मी बघायचो नाही.

आईला तू काही बोलू नकोस. ब्याऐंशीची आहे. तुझ्या तोंडून ऐकलं तर खचेल. मी रविवारी येतो आणि माझ्या पद्धतीने सांगतो.

पदू


कळंब
२६ फेब्रुवारी २०२४

प्रिय पदू,
सप्रेम जयभीम.

तुझी दोन रविवार वाट पाहिली, तिसऱ्याची पाहिली नाही. तुला दोष देत नाही. तूही ते सांगू शकला नसतास, एवढंच. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो.

आधी तुझ्या पत्राबद्दल. जंतू कोणामुळे गेले ते कोणालाच कळणार नाही, आणि मला ते शोधायचंही नाही. तुझ्याशी हसताना माझ्या डोक्यात पायरी नसते. ती पायरी तुमच्या घराला आहे, इतकंच.

शुक्रवारी पौर्णिमा मला म्हणाली, "बाबा, आजी यायची वेळ झाली की तुमचे हात घाई करतात." मी म्हणालो, नाही गं. ती म्हणाली, "करतात. टोपण काढताना तुम्ही दाराकडे बघता. मला भीती वाटते." एवढं सांगून ती अभ्यासाला बसली. तिला भीती वाटते हे ती हॉस्पिटलातही कधी बोलली नव्हती.

शनिवारी माघी पौर्णिमा होती. सकाळची वंदना झाली, दुपारचं पाणी झालं, आणि मी तुमच्याकडे गेलो. काकी ओटीवर वालाच्या शेंगा निवडत होत्या. मी सवयीने पायरीवर बसलो. त्या म्हणाल्या, "आज वाट चुकलास जनू." मी घरून शब्द जुळवून गेलो होतो, त्यातला एकही आठवला नाही.

"काकी, पौर्णिमाच्या पान्याच्या टायमाला तुमी आत येऊ नका," मी म्हणालो.

"का रं?"

"दार लावायचं असतं. आत मी आनि ती. उज्वला पन नाय."

"मंग आजवर का नाय लावलंस?"

मी पायरीवर पडलेलं शेंगेचं टरफल उचललं.

"पदूनं येवडं काचेचं दार धाडलं," त्या म्हणाल्या. "मी रोज बघते, सोम्या दार लावीत का नाय? मला वाटलं, बिजागरी बिघाडली. पदूचं काम तसंच, वरून झकपक."

"बिजागरी चांगली हाय."

"मंग?"

"तुमाला भायेर कसं बसवू, काकी?"

त्यांनी एक शेंग सोलली. दाणे सुपात टाकले. कोंबडी ओटीवर चढायला बघत होती, तिला हाकललं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी बसवलाच की तुला. तुज्या आयशीला पन."

त्या सुपातले किडके दाणे बोटाने बाजूला करत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो पदर माजाच ना? त्या शनवारचा, नळीला लागला तो?"

"तुमाला कोनी सांगितलं?"

"पोरीनं. म्हातारीला कोन काय सांगत नाय, पोर सांगती. मी तवापासून पदर खोचून येते. तू बगितलास तरी का?"

मी बघितलं नव्हतं, पदू. मी त्यांचे पाय दारात कधी दिसतात तेवढंच बघत होतो.

"किती येळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"अर्धा तास. कदी जास्त."

"मंग शेंगा सोलत बसन. येवडं बोलाया तुला आख्खी थंडी गेली." मग सूप सरकवून म्हणाल्या, "आनि वर ये. खाली बगून मान दुखती माजी."

मी उठून वर गेलो. त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसलो आणि शेंगा सोलायला घेतल्या. तुमच्या ओटीवरून आमची वस्ती किती जवळ दिसते, हे मला पहिल्यांदाच कळलं. विशेष काही बोलणं झालं नाही. त्यांनी तुला दोन-चार शिव्या घातल्या, त्या पोचवतो.

काल रविवारी सकाळी त्या आल्या. पदर कमरेला खोचलेला, काखेत सूप. अंडी उज्वलाच्या हातात दिली. खोलीच्या दाराशी येऊन थांबल्या, आतून पौर्णिमा म्हणाली, "आजी, तू तिथंच ना?" त्या म्हणाल्या, "हितंच. जातेय कुटं?" आणि दाराबाहेर भिंतीला टेकून बसल्या, आमच्याकडे पाठ करून. मला वाटतं, ते माझ्यासाठी होतं.

मी पंखा बंद केला. मास्क बांधला, पौर्णिमाला बांधला. दाराच्या मुठीवर हात ठेवला तेव्हा काचेतून त्यांचा पांढरा अंबाडा दिसत होता आणि शेंगा मोडल्याचा आवाज येत होता. हात थांबला, खोटं कशाला सांगू. पौर्णिमा पलंगावरून बघत होती. 

मग मी दार ओढलं. रबर चौकटीत बसलं आणि शेंगांचा आवाज बंद झाला. मी कडी घातली आणि हात धुवायला गेलो.

तुझा,
सोमा